सभापतींना शंका आहे

नाताळच्या सुट्टीत मी आजोबांच्या स्वयंपाकघरात त्यांचे कान तपासले. पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन मी गावी परतले होते आणि नोकरी अजून लागायची होती. शेगडीवरची किटली शिट्टी मारून मारून कोरडी पडली तरी समोर बसलेला माणूस वर्तमानपत्रातून डोकं वर काढत नाही, हे मी दोनदा पाहिलं होतं. मी माझे हेडफोन त्यांच्या डोक्यावर चढवले आणि लॅपटॉपवरून एकेक सूर सोडत गेले. खालचे सूर त्यांना माझ्याइतकेच स्वच्छ ऐकू आले. वर जाताना एका जागी आलेख असा कोसळला, की वायर सुटली म्हणून मी ती दोनदा खोचून पाहिली.

"मळ असेल," आजोबा म्हणाले.

"मळ नाही. जन्मभर कानाशी यांत्रिक करवत, आणि त्यात वय."

"बर्फ ढकलणारी गाडी पुलापलीकडे असते ना, तेव्हापासून मला ऐकू येते."

"तो खालचा आवाज. तुमचे वरचे आवाज जातायत. बायकांचे, मुलांचे. एकटी बाई समोर बसून बोलली तर कळेल. गर्दीत तिचा आवाज आधी बुडेल."

त्यांनी हेडफोन काढून मिठाच्या बरणीशेजारी ठेवले. "मार्चची गावसभा होऊ दे, कॉरा. मग लावू काय ते यंत्र. तोवर कुणाकडे बोलायचं नाही."

मी हो म्हटलं. मी त्यांच्याकडे फारसं कधी काही मागितलं नव्हतं, आणि त्यांनी माझ्याकडे काही मागितलं असं तर हे पहिल्यांदाच.

आमच्या गावात वर्षाचा कारभार मार्चच्या पहिल्या मंगळवारी तालुक्याच्या मोठ्या शाळेच्या व्यायामशाळेत ठरतो. रस्त्यांची वाळू, अग्निशमनाची गाडी, स्मशानाचं कुंपण, सगळं. मतदान तोंडी. सभापती विचारतात, "होय म्हणणारे?" मग, "नाही म्हणणारे?" ऐकतात, निकाल सांगतात, हातोडा आपटतात. माझे आजोबा आल्डन टीबो मी जन्मायच्या आधीपासून सभापती आहेत. दोन्ही बाजू सारख्या वाटल्या तर ते स्वतःच म्हणतात, "सभापतींना शंका आहे," आणि मग होयवाल्यांना उभं करून मोजतात, नाहीवाल्यांना उभं करून मोजतात. ही शंका सभेतला कुणीही मतदार घेऊ शकतो. एकट्याने उभं राहून "मला शंका आहे" म्हटलं की पुरे, डोकी मोजावीच लागतात. कायदाच तसा आहे. पण त्यांच्या आधीच्या सभापतींवर एकाने शंका घेतली होती, आणि त्या घराला पुढे चर्चही बदलावं लागलं, असं म्हणतात. आल्डन टीबोंवर कुणीही, कधीही शंका घेतलेली नाही. ते डोळे मिटून ऐकतात. लोकांना ते फार आवडतं.

या वर्षी सकाळी पहिल्याच विषयात ते पुन्हा बिनविरोध निवडून आले. सगळं सुरळीत चाललं होतं. मी स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या खुर्चीवर बसले होते, कारण जेवणाच्या वेळी पावाचे ट्रे मला न्यायचे होते. आतून घेवड्याचा आणि हॅमचा वास येत होता. आणि जेवणाआधीचा शेवटचा विषय आला.

हा विषय वेस्ली मारोटने सह्या गोळा करून आणला होता. वेस्ली आमच्या तालुक्याच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवतो. ठराव असा: स्त्री-पुरुष समान हक्कांची घटनादुरुस्ती देशाच्या राज्यघटनेत आधीच दाखल झालेली आहे असं हे गाव मानतं, आणि वॉशिंग्टनने ती घटनेच्या अधिकृत प्रतीत छापावी.

"आधीच झालेली?" मागून मर्ल ड्रूअरी ओरडला. मर्लचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान आहे, आणि घटनेची छोटी पुस्तिका त्याच्या शर्टाच्या खिशात कायम असते. ती त्याने काढली. "माझ्या पुस्तिकेत सत्तावीस दुरुस्त्या आहेत. यात ही कुठंय?"

वेस्लीनेही आपली पुस्तिका काढली. "माझ्यात अठ्ठावीस आहेत."

"दाखव बघू."

वेस्लीने शेवटचं पान उघडून वर धरलं. तिथे पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं होतं. सभा खो-खो हसली.

"तू लिहिलंस म्हणून झालं होय रे? मग मी पण लिहितो एक. मर्लला मालमत्ता कर माफ."

"तीन चतुर्थांश राज्यांनी मान्य केलं तर लिही, खुशाल लिही," वेस्ली म्हणाला. "पाचवं कलम काढा, मर्ल. काँग्रेसने दोन तृतीयांशांनी मंजूर करायचं आणि तीन चतुर्थांश राज्यांनी मान्य करायचं, की दुरुस्ती घटनेचा भाग. काँग्रेसने बहात्तर साली केली. अडतिसावं राज्य दोन हजार वीसमध्ये आलं. पन्नासाचे तीन चतुर्थांश किती?"

"साडेसदतीस. शाळेत गेलोय मी."

"मग झाली की नाही?"

मला ते पटलं. अट दिलेली आहे, अट पूर्ण झाली, म्हणजे निष्कर्ष लागू. मी मनातल्या मनात होय म्हणून टाकलं.

"पण त्याला मुदत होती," कुणीतरी म्हणालं. "सात वर्षांची. ती संपली."

"मुदत दुरुस्तीच्या मजकुरात नाही. काँग्रेसच्या ठरावाच्या प्रस्तावनेत आहे. आणि पाचव्या कलमात मुदत हा शब्दच नाही. सत्ताविसावी दुरुस्ती दोनशे वर्षं रखडून आत आली, तेव्हा कुणी घड्याळ दाखवलं नाही."

"आणि पाच राज्यांनी दिलेली मान्यता परत घेतली, त्याचं काय?" मर्लने विचारलं.

"परत घेता येते असं कुठे लिहिलंय?"

"घेता येत नाही असं तरी कुठे लिहिलंय?"

इथे माझा गोंधळ सुरू झाला. एखादी गोष्ट घटनेत आहे किंवा नाही. मधलं काही असू शकत नाही, असं माझं शिक्षण सांगतं. पण इथे दोघं एकच कलम उघडून बसले होते, दोघांनाही ते पाठ होतं, आणि जे लिहिलेलं नव्हतं त्यावरच दोघांची सगळी मदार होती.

मर्लने पुस्तिका खिशात घातली. "माझी हरकत संपली. माझं मत होय."

"काय?" वेस्लीच दचकला.

"सरकारने घातलेली मुदत आपोआप रद्द होते, हे मला फार आवडलं. मला ते लिहून हवंय. आणि या ठरावाला गावाचा खर्च किती?"

"शून्य."

"मग काय? होय. आणि घेवडा गार होतोय."

पुरुषांच्या रांगांमधून होकाराची गुणगुण उठली. त्यांतल्या बऱ्याच जणांनी या विषयावर उभ्या आयुष्यात विचार केला नसेल. पण बायकांना समान हक्क द्या म्हटल्यावर नाही कोण म्हणेल, तेही बायकोने भाजलेला अॅपल-पाय ओट्यावर दिसत असताना?

तेव्हा ऑगस्टा पेल्की पुढे झाल्या. ऑगस्टाबाई ऐंशीच्या पुढच्या. जेवणाच्या समितीच्या प्रमुख त्याच, आणि अॅप्रन घालून माझ्या खुर्चीमागच्या दारात उभ्या होत्या. या दुरुस्तीसाठी गावोगाव दारं वाजवलेली आमच्याकडची एकमेव बाई. त्या वेस्लीच्या बाजूने बोलणार हे मी गृहीत धरलं होतं. वेस्लीनेही धरलं असावं, कारण तो हसून खाली बसला.

"सभापती, माझं मत नाही," ऑगस्टाबाई म्हणाल्या.

आजोबांनी कान पुढे केला. त्यांनी ओठ वाचले की शब्द ऐकले, मला कळलं नाही.

"अठ्ठ्याहत्तर साली मी वॉशिंग्टनला गेले होते. जुलैचं ऊन. आम्ही सगळ्या पांढऱ्या कपड्यांत चाललो. कशासाठी माहितीय, वेस्ली? ती मुदत वाढवून द्या म्हणून. आम्ही मुदतवाढ मागितली. हात जोडून मागितली. मिळालीही, आणि तरी आम्ही हरलो. आता मी उठून कोणत्या तोंडाने सांगू, की मुदत नव्हतीच?"

"पण मिसेस पेल्की, कायद्याने पाहिलं तर..."

"कायद्याने तू पाहा. मी तिथे होते. ती घटनेत नाही, बाळा. असती तर मला माहीत नसतं? आहे म्हणालात ना, तर हे सगळे होय म्हणून जेवायला बसतील आणि विषय संपला म्हणतील. मला ती खरोखर हवी आहे. पेन्सिलीने नको."

त्यांच्या शेजारी नॉर्मा बेझियो पावाची टोपली घेऊन उभ्या होत्या. शहाऐंशी साली आमच्या राज्याच्या घटनेत असंच कलम घालायचा प्रश्न मतदानाला आला, तेव्हा नॉर्माबाईंनी त्याच्या विरुद्ध पत्रकं वाटली होती. तो प्रस्ताव पडला. तेव्हापासून या दोघी एका ओट्यावर काम करतात, पण एका बाकावर बसत नाहीत.

"माझं पण नाही," नॉर्माबाई म्हणाल्या. "अर्थात माझं कारण वेगळं."

"तुझं कारण मला माहितीय," ऑगस्टाबाई मान न वळवता म्हणाल्या.

"माहीत असायलाच हवं. चाळीस वर्षं सांगतेय."

दारातल्या बायका हसल्या. मी मान वळवून पाहिलं. अॅप्रनवाल्या सगळ्या ऑगस्टाबाईंच्या मागे गोळा झाल्या होत्या, आणि पुढे खुर्च्यांवरच्या बायकाही मान हलवत होत्या. मला आता कशाचाच मेळ लागेना. बायकांच्या हक्कांच्या बाजूने पुरुष. विरोधात बायका. त्यातही एक ती दुरुस्ती अजिबात नको म्हणून, आणि दुसरी ती फारच हवी म्हणून.

"चर्चा संपली?" आजोबांनी विचारलं. त्यांनी डोळे मिटले. "होय म्हणणारे?"

"होय!" पुरुष गरजले. माझ्याही तोंडून होय निघालं. वेस्लीचा युक्तिवाद माझ्या डोक्यात आधी बसला होता, आणि तो काढायला वेळ मिळाला नव्हता.

"नाही म्हणणारे?"

माझ्या मागून जे आलं, त्याने माझ्या मानेवरचे केस हलले असं वाटलं. "नाही!" दारातून, खुर्च्यांवरून, भिंतीकडेला लहान मुलांना घेऊन उभ्या असलेल्या आयांकडून. उंच, धारदार, एका सुरात.

आजोबांनी डोळे उघडले. त्यांच्या चेहऱ्यावर कसलीच अडचण नव्हती. "होय म्हणणाऱ्यांची सरशी. ठराव मंजूर." हातोडा पडला. "यानंतर भोजन."

खुर्च्या सरकू लागल्या. दारातल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. "मला वाटलं आपण..." एक तरुण आई म्हणाली. "मला पण," दुसरी म्हणाली, "पण आल्डन म्हणाला ना." ऑगस्टाबाईंनी अॅप्रनला हात पुसले आणि आत वळल्या.

मी बसल्या जागी हिशेब लावत होते, आणि तो लागत नव्हता. नाही जास्त होते का? मी दाराशी होते, बायका माझ्या कानाशी ओरडल्या. माझं मोजमापही एका बाजूला झुकलेलंच. नाही जिंकलं हे मला ठाऊक नव्हतं. मला फक्त एवढं ठाऊक होतं, की आजोबांनाही ठाऊक नाही. आणि त्यांच्या कानांचं हे या दालनात आम्हा दोघांखेरीज कुणालाच माहीत नव्हतं. शिवाय मी स्वतः होय म्हणाले होते. गप्प बसले तर माझी बाजू जिंकत होती, आजोबांचं नाव राहत होतं, मी दिलेला शब्द राहत होता. आणि सभापतींनी पुढच्या कामाला हात घातला की शंका घ्यायची वेळ संपते. जेवण हे पुढचं काम धरायचं की नाही, हेही मला नक्की माहीत नव्हतं.

मी उभी राहिले. "सभापती, मला शंका आहे."

सगळे थांबले. आजोबा सोडून सगळे. ते कागद गोळा करत होते.

"सभापती," मी मोठ्याने म्हटलं, "मला शंका आहे!"

भीतीने माझा आवाज आणखी वर चढला होता. आलेखातली ती जागा मला डोळ्यांपुढे दिसत होती, आणि माझा आवाज नेमका त्या कड्यावरून खाली पडत होता. आजोबांनी चष्मा पुसला. व्यायामशाळेत इतकी शांतता झाली, की स्वयंपाकघरातल्या भांड्याचं झाकण थरथरताना ऐकू येत होतं. ती शांतता त्यांना कळली. त्यांनी वर पाहिलं. सगळे त्यांच्याकडे पाहत होते, आणि आपल्याला काय विचारलं गेलंय हे त्यांना माहीत नव्हतं.

मर्ल आधी माझ्याकडे पाहत राहिला, मग त्यांच्याकडे. त्याच्या चेहऱ्यावरची थट्टा हळूहळू उतरली.

"आल्डन," तो आपल्या जाड आवाजात म्हणाला, "तुमची नात उभी आहे. ती शंका घेतेय."

आजोबांनी मला शोधलं. मी हात वर केला होता, शाळेतल्यासारखा. मला वाटलं ते म्हणतील, वेळ गेली. त्यांना तसं म्हणता आलं असतं. हातोडा पडला होता, भोजन पुकारलं होतं, आणि नियम त्यांच्याइतका तिथे कुणालाच पाठ नव्हता.

"मतदाराने शंका घेतली आहे," ते म्हणाले. "होय म्हणणाऱ्यांनी उभं राहावं. मोजेपर्यंत कुणी बसू नये."

मी उभीच होते. होयवालीच होते ना मी. गावच्या कारकून बाई रांगांमधून मोजत गेल्या, आणि माझ्याजवळ आल्यावर थबकल्या. "तू होय?"

"होय."

"मग शंका कसली घेतलीस गं?"

त्या पुढे मोजत गेल्या. मग नाहीवाल्यांना उभं केलं. स्वयंपाकघर रिकामं झालं, हातात डाव तसेच. कारकून बाईंनी दोन आकडे कागदावर लिहून आजोबांपुढे ठेवले. नाही जास्त होते, आणि थोड्याथोडक्यांनी नव्हे.

आजोबांनी कागद वाचला. नाक्यावरच्या दुकानात लोक पेट्रोलची पावती वाचतात, तसा. "नाही म्हणणाऱ्यांची सरशी. ठराव नामंजूर. सभापतींनी चुकीचं ऐकलं." मग हातोडा न आपटता त्यांनी तो नुसता खाली ठेवला.

जेवताना लोक माझ्या टेबलाला वळसा घालून गेले. वेस्ली ताट घेऊन समोर बसला आणि घेवडा चिवडत राहिला. "म्हणजे आपल्या गावाच्या मते ती घटनेत नाही," तो म्हणाला.

"आपल्या गावाच्या मतावर ती असणं-नसणं ठरतं का?"

"नाही."

"मग कुणाच्या?"

त्याने काटा खाली ठेवला. "तेच तर कुणाला माहीत नाही."

मी पाव वाढायला गेले तेव्हा ऑगस्टाबाईंनी माझा हात धरला. "कधीपासून?"

त्यांनी माझ्या चेहऱ्यावरून जे घ्यायचं ते घेतलं. "दोन वर्षांपूर्वी आपली प्राथमिक शाळा बंद करून शेजारच्या गावाच्या शाळेत विलीन केली ना, त्या मतालाही मला असंच वाटलं होतं. नॉर्मालाही."

"मग शंका का नाही घेतलीत?"

"आल्डनवर?" त्या म्हणाल्या. "कशी घेणार?" आणि ट्रे माझ्या हातातून काढून नॉर्माबाईंकडे दिला.

जेवणानंतर सभा पुन्हा बसली. आजोबा राजीनामा देतील असं मला वाटत होतं, काही जण तसं कुजबुजतही होते. ते उभे राहिले, विषय वाचला. रस्त्यांसाठी वाळू. यावर कुणाचं दुमत नसतं. "होय म्हणणारे?" सगळं दालन होय म्हणालं. "नाही म्हणणारे?" पिन पडली असती तर ऐकू आली असती, निदान मला.

आजोबांनी डोळे मिटले नव्हते. "सभापतींना शंका आहे," ते म्हणाले. "होय म्हणणाऱ्यांनी उभं राहावं."

लोकांना वाटलं थट्टा आहे. मग ते उठले. कारकून बाई मोजायला निघाल्या. त्यानंतरच्या विषयाला तेच. स्मशानाच्या कुंपणाला तेच. प्रत्येक विषयाला, दर वेळी, अख्खं गाव उठलं आणि बसलं. गुडघे दुखणारे कण्हले, मर्ल म्हणाला, "च्यायला, चर्चमध्ये कमी उठबस असते," आणि तरी उठला. सभा संपली तेव्हा बाहेर चिखल पुन्हा गोठायला लागला होता.

परतताना ट्रक मी चालवला. पूल ओलांडला.

"तुझं मत काय होतं?" त्यांनी विचारलं.

मी मुद्दाम आवाज खाली आणला, छातीतून. "होय."

"म्हणजे तू स्वतःलाच पाडलंस."

"हो."

"का?"

त्यांना खरं उत्तर द्यायचं होतं, आणि माझ्याजवळ जे होतं ते सगळं अर्धवट होतं. "माहीत नाही, आजोबा."

त्यांनी मान हलवली, जणू ते उत्तर चालण्यासारखं होतं. खिडकीबाहेर ती बंद पडलेली प्राथमिक शाळा आली. खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या, दारापर्यंत न उपसलेला बर्फ.

"शाळेच्या त्या मताला," ते म्हणाले, "मी चुकलो होतो का?"

"माहीत नाही."

"कुणी शंका घेतली नाही. वेळ गेली. म्हणजे ते ठरलं."

"हो, ठरलं."

"हं." ट्रक पुढे गेल्यावरही ते मान वळवून मागे पाहत होते. "पण खरं काय होतं ते कुणालाच कळणार नाही."

घरी आल्यावर त्यांनी शेगडीवर किटली ठेवली आणि टेबलापाशी न बसता तिच्यासमोर उभे राहिले. मिठाच्या बरणीशेजारी हेडफोन अजून तसेच पडले होते. किटलीने शिट्टी मारली. मी जागची हलले नाही. ते तोटीकडे टक लावून पाहत होते. वाफ जाड झाली तेव्हा त्यांनी गॅस बंद केला, आणि मग माझ्याकडे पाहून विचारलं, "वाजली का?"